तात्यांचा शेवटचा भाग

आमचे तात्या मंगळवारी संध्याकाळी साडेसातला गेले आणि बुधवारी सकाळी अकराला त्यांनी मला शिव्या घातल्या. दोन्हीला कारण मीच.

मी जुन्नरला शिंपीकाम करतो. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता पिक्चरवर मत देणं ही माझी जुनी खोड. (माप ऐकतात, मत कुणी ऐकत नाही, असं बायको म्हणते.) परवाच्या मारामारीच्या पिक्चरमध्ये हिरोने चाळीस माणसं लोळवली, पण शर्टाचं एक बटण तुटलं नाही! ऐतिहासिक पिक्चरला गेलो, तर मावळ्याच्या अंगरख्याला मशीनची टीप! पुढची लढाई कोण जिंकलं मला माहीत नाही, मी टीपच बघत बसलो.

पण माझा खरा जीव एका मालिकेत. छोट्या गावातलं भांडखोर कुटुंब, रोज साडेसातला, हसून हसून पुरेवाट. त्यातल्या म्हाताऱ्याला सगळे तात्या म्हणायचे. आता माझ्या सख्ख्या चुलत्यांनाही तात्याच म्हणतात. ते घाटावरच्या आणे गावात राहतात, भावकीत सगळ्यात थोरले. येत्या रविवारी माझ्या मुलीचा, ऋतुजाचा, साखरपुडा होता आणि नवऱ्या मुलाला टिळा लावायचा मान त्यांचा. हे दोन तात्या वेगवेगळे ध्यानात ठेवा. मी नाही ठेवले, तिथेच घोळ झाला.

मंगळवारी मालिकेतले तात्या गेले. विनोदी मालिकेत माणूस मारतात का कुठं! मी डोळे पुसतोय तोच मढ गावाहून आक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन. तीही ही मालिका न चुकता बघते. (त्या दिवशी मढला लाईट नव्हती, हे मला कुठं ठाऊक!)

"आक्का, तात्या गेले गं!"

"आरं द्येवा! कवा?"

"आत्ताच. साडेसातला."

"आन् कशानं रं?"

"झोपाळ्यावर बसल्या बसल्या. पण खरं सांगू का, लई लांबवलं. सहा महिने नुसते खोकत व्हते. मागंच जायला पायजे व्हते."

फोनमध्ये खरखर झाली. "काय बोलतोस तू हे..."

"आणि सून रडत व्हती ना, एकदम खोटं! डोळ्यात टिपूस न्हाई!"

फोन कट. मढच्या रेंजचा काय भरवसा, असं म्हणून मी जेवायला बसलो.

बुधवारी सकाळी दुकान उघडतोय तर मंचरहून होणाऱ्या व्याह्यांचा फोन.

"तुमच्या आक्कांकडून कळलं बरं का. वाईट झालं. आता सुतक म्हटल्यावर रविवारचं काही होत नाही. पुढचं बघू, निवांत."

"कुणाचं सुतक?"

"असं काय करता? तुमच्या तात्यांचं!"

हातातली कात्री गिऱ्हाइकाच्या नव्या पॅन्टमधून आरपार गेली. तात्यांच्या आधी मला त्या 'निवांत'ने घाम फुटला. विहीणबाईंना आधीच आमची ऋतुजा मुलापेक्षा उंच वाटत होती. (बोटभरच. मी टेप लावून बघितलं होतं.) त्यांना निमित्त हवंच होतं. साखरपुडा एकदा निवांत झाला की मोडलाच!

तात्यांना फोन लावला. वाजला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. खरंच गेले असतील तर? माझ्या जिभेनेच माणूस खाल्ला की काय! तसाच बायकोला गाडीवर बसवलं आणि निघालो. आण्याचा घाट चढेपर्यंत ती मागून एकच वाक्य म्हणत होती, "तुमच्या जिभेला हाड न्हाई." ब्रेक लावला की आणखी जोरात.

तात्यांच्या दारात मढची पिकअप उभी. माणसांच्या माना खाली, बायकांचे पदर तोंडाला. फाटकातूनच मी हंबरडा फोडला, "तात्याऽऽ!"

"ये," ओट्यावरून आवाज आला. "माझी माती उरकली. आता तुझी राहिली."

तात्या बशीत ओतून चहा पीत होते!

झालं होतं असं. आक्का सकाळीच भावकी घेऊन आली आणि बायकांनी दारातच गळा काढला. तात्या गोठ्यात धार काढत होते, फोन तिथेच विसरून बाहेर आले. "कोण गेलं?" म्हणाले. बायका दचकून मागं पळाल्या. भला माणूस! डोक्याला टोपी घातली आणि पिकअपमध्ये पुढं जाऊन बसले. "चला. कुणाची का असंना, मातीला उशीर नगं."

माती तुमचीच, असं शेवटी आक्काला सांगावं लागलं आणि सगळ्यांच्या माना शरमेने खाली गेल्या. आणि मग तिने माझी मतं सगळ्यांसमोर, एकही न गाळता, वाचून दाखवावीत तशी सांगितली होती.

"लई लांबवलं व्हय रं मी?" तात्या.

"आणि भावजी, मला रडता येत न्हाई?" त्यांच्या सूनबाई, हातात उलथणं.

"आवो, ते टीव्हीतले तात्या! मालिकेतले!"

कुणी हसलं नाही. मी सरळ पाय धरले. "मला काय म्हणायचं ते म्हणा तात्या, पण पोरीचा साखरपुडा मोडतोय. व्याह्यांना एक फोन करा."

तात्यांनी माझ्याच फोनवरून लावला. "राम राम पावणं, मी आण्याचा तात्या बोलतोय."

पलीकडून फोन कट!

मग व्हिडिओ कॉल केला. समोर तात्या दिसताच विहीणबाई किंचाळल्या. तात्यांनी पुरावा म्हणून चहाचा एक घोट घेतला. "सुतक न्हाई. रविवारी येतोय आमी. मी सोता."

"या, या," व्याही म्हणाले. नाही म्हणायची त्यांची छातीच झाली नसती.

माझ्या जिवात जीव आला. तात्या मात्र अजून माझ्याकडेच रोखून बघत होते.

"मला मारलंस, त्याचं काय न्हाई," ते म्हणाले. "पण काल मी मळ्यात व्हतो. तो भाग आज दुपारी बघणार व्हतो रं, भाड्या!"

रविवारी साखरपुडा झाला. टिळा तात्यांनीच लावला. जेवताना व्याह्यांनी सहज विचारलं, "सध्या कुठला पिक्चर बघण्यासारखा आहे हो?" पंगतीतले हात थांबले. बायकोने चिमटा काढला. आक्काने तर डोळेच मिटले.

"मला पिक्चरमधलं काय कळत न्हाई," मी म्हणालो.

"आयुष्यात पहिल्यांदा," पलीकडून तात्या म्हणाले, "याचं मत पटलं."