दहा ओळींची फाइल

बसच्या पाटीवरचा मराठी आकडा मला पहिल्या नजरेत वाचता येत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी आठवीपर्यंत, तेही पास होण्यापुरतं. त्यामुळे कोथरूडच्या स्टॉपवर मी ओळखीचे चेहरे कुठल्या बसकडे सरकतात ते बघते आणि त्यांच्यामागे चढते. विचारत कुणालाच नाही.

त्या मंगळवारी, साडेआठच्या सुमारास, हडपसरची बस येत होती. पाटीवर एक आहे की नऊ, हे मी डोळे बारीक करून बघत होते आणि एकदम आठवलं. हे आकडे मी नुकतेच पाहिले होते. एका फाइलमध्ये. आणि ती फाइल मी काढून टाकली होती.

हडपसरचं आमचं ऑफिस मधुमेहाच्या केंद्रांसाठी एक वेब ॲप्लिकेशन चालवतं. गावातल्या केंद्रात सिस्टर रुग्णाची साखर मोजून आकडा भरतात. शहरात बसलेले डॉक्टर तो पडद्यावर बघून इन्सुलिनचा डोस लिहितात. ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, हे सगळं उभं होतं त्याचं व्हर्जन फार जुनं झालं होतं, म्हणून ते नव्या व्हर्जनवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. नोकरीला पाच महिने झाले होते. सहाव्यात मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं.

रोज सकाळी लाल एररची यादी उघडायची आणि घाबरायचं, असे ते दिवस. शेवटी एकच फाइल अडून बसली. दहा ओळी: डावीकडे मराठी आकडा, उजवीकडे इंग्रजी. कशासाठी, याची एका शब्दाची टीप नाही. आता मराठीत आकडे कोण टाइप करतं, असं मला वाटलं. आमच्या टीमच्या लीड मॅमचं टेबल चार खुर्च्यांपलीकडे होतं. मी उठले नाही. फाइल काढली, यादी रिकामी झाली. मग सगळ्यांनी टेस्टिंग केलं, सगळ्यांनीच इंग्रजी कीबोर्डवर. सोमवारी संध्याकाळी नवं व्हर्जन सुरू झालं आणि मॅमनी सामोसे मागवले.

स्टॉपवर उभ्या उभ्या मला लोणी काळभोरच्या सिस्टरांनी कधीतरी पाठवलेला पडद्याचा फोटो आठवला. त्यात आकडे मराठी होते. शिवाय नव्या फॉर्मला भरलेला आकडा कळला नाही, तर तो गुपचूप मागच्या भेटीचा आकडा दाखवणार होता. तेही मीच लिहिलं होतं, रिकामी चौकट वाईट दिसते म्हणून.

केंद्र आठलाच उघडतं. बस आली, गेली. मी फोन लावला. मला फोनवर बोलायची भीती वाटते. आधी वाक्यं मनात जुळवून घेते. त्या दिवशी एकही जुळलं नाही.

"सिस्टर, कुणाला इंजेक्शन देऊ नका."

"कोन बोलतंय?"

"ऑफिसमधून. ॲप्लिकेशनवाली. आज कुणाला दिलंय का?"

"आत्ता सुईत भरून घेतलंय बगा. आज्जी बसल्यात म्होरं. पर ताई, मीच चक्रावले. मशिनवर बासष्ट हाय, लई कमी, आन् डाक्टर सायबांनी डोस वाढीव लिवलाय."

"बासष्ट म्हणजे?"

"सहा नि दोन, ताई."

"आणि स्क्रीनवर?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "अगं बया. दोनशे साठ दावतंय. हे तर मागच्या खेपंचं!"

"देऊ नका," मी ओरडले. स्टॉपवरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. "प्लीज. डॉक्टरांना फोन करून खरा आकडा सांगा. बाकीच्यांचेही फोनवरच सांगा."

मागून एक थकलेला आवाज आला, "कोन हाय गं?"

"कॉम्प्युटरवाल्या ताई हायेत, आज्जी. तुमी ही साखर खावा आधी."

दुसरा फोन मॅमना लावायचा होता. एरर आला एवढंच सांगावं, फाइलचं बोलू नये, असा विचार मनात आला, आला नाही असं म्हणणार नाही. पण केंद्रं अनेक होती आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी समोर बसलेलं होतं.

"मॅम, मराठी आकड्यांची फाइल मी काढली. लोणीला चुकीचा डोस जाणार होता. थांबवलाय."

"जुनं व्हर्जन परत चढवते," त्या म्हणाल्या. कीबोर्डचा खडखडाट ऐकू आला. "सगळ्या केंद्रांना मी फोन लावायला सांगते. का काढलीस?"

"मला वाटलं, आता असे आकडे कोण वापरतं."

"तू उभी कुठे आहेस?"

"बस स्टॉपवर."

"मग बसच्या पाटीवर काय रोमन आकडे आहेत का?"

मी लांबून येणाऱ्या बसकडे पाहिलं.

"ये आता. आणि पुढच्या वेळी आधी माझ्या टेबलाशी ये. मी चावत नाही, निदान जेवणानंतर तरी."

पुढची बस आली. पाटी मला अजूनही वाचता येत नव्हती. शेजारच्या काकांना विचारलं, "ही हडपसरला जाते का?" ते म्हणाले, "लिहिलंय की वर."

ऑफिसात पोचले तेव्हा जुनं व्हर्जन सुरू झालं होतं आणि सगळ्या केंद्रांना फोन गेले होते. मला कायम करतील की नाही, हे तोवर डोक्यातून गेलंच होतं. मी लोणीची नोंद उघडली. सिस्टरांनी आकडा पुन्हा भरला होता: बासष्ट. खाली, साखर खाल्ल्यावर अर्ध्या तासाने घेतलेला दुसरा: एकशे आठ. डोसच्या चौकटीत डॉक्टरांनी शून्य लिहिलं होतं. मी पान रिफ्रेश केलं. पुन्हा केलं. आकडे तेच राहिले. तरी दुपारपर्यंत मी ते पान बंद केलं नाही.