सहा महिन्यांनंतरची सपाट रेघ

कॉलेजातली गणिताची नोकरी संपल्यावर मास्तर आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात आले. चहासुद्धा अर्धा कप घेणारा माणूस, पण दारूचं गणित मांडायची हौस दांडगी. माणसांचे त्यांनी पाच कप्पे पाडले होते: न पिणारे, कधीमधी पिणारे, पुरते बुडालेले, उपचार घेणारे आणि बरे झालेले. कोण कुठल्या कप्प्यातून कुठे सरकतो, याची समीकरणं ते मांडत बसायचे. दरमहा तपासणीची नोंदवही माझ्याकडे. "आकडे तुमचे, अक्कल माझी," असं म्हणायचे. राग यायचा मला, पण माणूस सरळ होता.

त्यांचा धाकटा भाऊ आमच्याकडेच उपचार घ्यायचा. घरं रंगवायचा. दोनदा दारू सोडली, दोनदा घसरला. बायको मुलांना घेऊन माहेरी निघून गेलेली. "आणखी एकदा प्यायला तर यकृत टिकणार नाही," असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. मास्तरांचा हा सगळा खटाटोप कुणासाठी चाललाय, ते झाडूवालीलाही ठाऊक होतं.

भाऊ तिसऱ्यांदा दारू सोडून घरी गेला त्याच आठवड्यात मास्तर आलेखाचा कागद नाचवत आले. "ताई, बघा. पहिले सहा महिने धोका. ते उलटले की रेघ सपाट. पुढं जवळजवळ कुणी मागं फिरत नाही."

डॉक्टरबाईंना ते पटलं. सहा महिन्यांनंतरच्या घरभेटी त्यांनी बंद केल्या आणि माणसं नव्या रुग्णांकडे वळवली. त्या कागदाची एक प्रत मास्तरांनी भावाला दिली. सहा महिने रोज त्याच्याकडे डबा घेऊन गेले, मग तेही थांबवलं. आता त्याच्यावर विश्वास टाकायला हवा, म्हणाले. फोनवर भाऊ "बरा आहे, दादा" एवढंच सांगायचा.

पुढं एक बाई नवऱ्याचे उपचाराचे जुने कागद मागायला आली. नवरा जाऊन चार महिने झाले होते. मी वही उघडली. त्याच्या नावापुढे चारही महिने माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'तक्रार नाही'.

आमच्याकडे रकाना कोरा ठेवायचा नाही असा दंडक. तपासणीला जो आला नाही, त्याच्यापुढे मी वर्षानुवर्षं 'तक्रार नाही' लिहीत आले, आणि मास्तरांनी ती सगळी माणसं 'बरे झालेले' या कप्प्यात घातली होती. दुपारपर्यंत मी अशा एकतीस जणांच्या घरी फोन लावले. नऊ जण वारले होते. चौदा पुन्हा पीत होते.

मास्तरांनी माझी यादी दोनदा वाचली. मग हळूच विचारलं, "धाकटा शेवटचा कधी आला होता?"

"दोन महिने झाले, मास्तर." त्याच्यापुढेही मी तेच लिहिलं होतं.

त्यांनी फोन लावला. उचलला नाही. आम्ही तसेच निघालो.

खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत आंबूस वास भरलेला. भाऊ भिंतीला टेकून बसला होता, डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं. उशाशी मास्तरांचा कागद चारी कोपऱ्यांना टाचण्या मारून नीट लावलेला. त्यावर पेन्सिलीनं रोजची एक खूण, सहा महिन्यांपर्यंत. एकही दिवस सुटलेला नव्हता.

मास्तरांना बघून तो हसला. "दादा, सहा महिने थेंब घेतला नाही. मग म्हटलं, आता धोका सरला, एक घेऊन बघू. तूच तर लिहून दिलं होतंस ना?"

दवाखान्याची गाडी येईपर्यंत मास्तर त्याचे थंड पाय चोळत बसले. चौथ्या दिवशी तो गेला.

मास्तर अजून येतात. समीकरणांना हात लावत नाहीत. सकाळी माझ्याकडून न आलेल्यांची यादी घेतात आणि घरोघर जाऊन दार वाजवतात. बैल गेला नि झोपा केला, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. काल त्यांनी आठ दारं वाजवली. तीन उघडली नाहीत.