रुमाल टाकायला गेलेला हात

बसमध्ये जागा धरायची आमच्याकडची पद्धत साधी आहे. बस फलाटाला लागत असतानाच खिडकीतून आत रुमाल टाकायचा, मग सावकाश दारातून चढायचं आणि रुमाल पडलेल्या जागेवर मालकासारखं बसायचं. रुमाल नसेल तर टोपी, पिशवी, वर्तमानपत्र. एकदा मी एकाला चप्पल टाकताना पाहिलंय. लोकांनी त्या चपलेचाही मान राखला होता.

त्या सकाळी धुळ्याच्या स्टँडवर जळगावची बस लागली तेव्हा दाराशी ही गर्दी. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून आम्हा पुरुषांना दारातून जागा मिळणं बंदच झालंय. मी पन्नाशी उलटलेला, कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारा, पोट सुटलेला माणूस. शांतपणे उभ्यानं गेलो असतो तर काही बिघडत नव्हतं. पण त्या दिवशी मी जळगावच्या एका शाळेत इंग्रजीच्या शिक्षकाची निवड करायला ‘विषयतज्ज्ञ’ म्हणून निघालो होतो. तज्ज्ञानं एरंडोलपर्यंत दांडीला लोंबकळत जायचं, हे मनाला पटेना.

म्हणून मी मागच्या चाकावर चढलो. खिडकीला दोन आडव्या सळ्या होत्या. त्यांच्या मधून हात घालून रुमाल फेकला, तर तो सीटवर न पडता खाली पडायला लागला. त्याला धरायला मी हात आणखी आत घातला, पार कोपराच्या वरपर्यंत. तेवढ्यात चाकावरचा पाय निसटला.

आता चित्र असं. उजवा हात दंडापर्यंत बसच्या आत, बाकीचा मी बाहेर, चवड्यांवर. हात ओढला की कोपर सळीला अडे. न ओढावा तर सगळं वजन काखेत येई.

आत त्याच सीटवर एक मुलगी येऊन बसली होती. माझा हात तिच्या नाकासमोरून रेल्वे फाटकासारखा आडवा गेला होता. तिच्या पलीकडे पिशव्यांच्या ढिगात एक अक्का.

“ओ भाऊ, हात काढा ना आते,” अक्का म्हणाली. “पोरीना तोंडवर कसाले फिरावतस?”

“निघत नाही हो अक्का.”

“निघत नही म्हणजे? गया तसा निघी.”

तसा तो निघाला नाही. मुलीनं कोपर ढकलून पाहिलं, मी ओढून पाहिलं, बाहेरून दोघांनी माझी कंबर धरून मला ओढून पाहिलं. त्यात फक्त माझा पट्टा तुटला. डावा हात आता पँट धरण्यात गुंतला. कंडक्टर आला, ड्रायव्हर आला.

“कटर आणावा लागेल डेपोतून,” ड्रायव्हर म्हणाला.

“सळी कापायला साहेबांची परवानगी लागेल,” कंडक्टर म्हणाला.

“आणि हात कापायला?” गर्दीतून कुणीतरी विचारलं.

“त्याला नाही लागत.”

सगळे हसले. मीही हसलो. त्या अवस्थेत दुसरं काय करणार?

दोघं साहेबांकडे गेले आणि बस तिथंच उभी राहिली. हात सुजायला लागला होता. आतली मुलगी मांडीवर वही ठेवून पुटपुटत होती. माझा कान खिडकीला टेकलेला, त्यामुळे ऐकण्यावाचून सुटका नव्हती.

“हँड म्हणजे हात. हँड म्हणजे घड्याळाचा काटा. हँड म्हणजे शेतावरचा गडी. हँड म्हणजे पत्त्यांचा डाव. हँड म्हणजे हस्ताक्षर. टू हँड म्हणजे देणे...”

मास्तरकी अंगात मुरली की माणूस फासावरही शुद्धलेखन तपासेल. मी म्हणालो, “घोड्याची उंचीसुद्धा हँडमध्ये मोजतात. तो अर्थ घाल. छाप पडते.”

तिनं मान वर केली. “काका, तुम्हाला इंग्रजी येतं?”

“थोडंफार.”

“मला आज पाठ घ्यायचाय. एका शब्दाचे अनेक अर्थ. जळगावला इंटरव्ह्यू आहे.” आणि तिनं शाळा सांगितली.

मी जिथं निवड करायला निघालो होतो, तीच शाळा.

ती साक्रीकडची होती. कितीतरी वर्षं तासिकेवर शिकवत होती. जूनमध्ये बोलवायचे, एप्रिलमध्ये नमस्कार करायचे. ही जागा कायमची होती आणि एकच होती. “अकराला बोलावलंय,” ती म्हणाली आणि माझ्या हाताकडे असं बघितलं, की तो हात परका असता तर मलाही त्याचा राग आला असता.

इतक्यात माझ्या खिशातला फोन वाजला. पँट पोटानं बसच्या पत्र्याला दाबून धरली आणि डाव्या हातानं फोन कानाला लावला. शाळेचे मुख्याध्यापक होते. “सर, कुठपर्यंत? उमेदवार जमायला लागलेत. तुमच्याशिवाय सुरू करता येत नाही.”

“गाडीलाच आहे,” मी म्हणालो. शब्दशः खरं होतं.

फोन ठेवला आणि माझ्या ध्यानात आलं, की ही मुलगी उशिराच्या भीतीनं अर्धी झाली आहे आणि तिला उशीर होणं शक्यच नाही. मी इथं लटकलेला असेपर्यंत जळगावात एकही मुलाखत सुरू होणार नव्हती. एवढं वाक्य तिला सांगितलं असतं तर तिचा जीव भांड्यात पडला असता. पण सांगायचं कसं? उमेदवाराशी तज्ज्ञानं आधी बोलायचं नसतं, हे एक. दुसरं, आणि खरं कारण म्हणजे लाज. तुटलेल्या पट्ट्याचा, खिडकीला टांगलेला हा इसम तुझी परीक्षा घेणार आहे, असं मी कोणत्या तोंडानं सांगणार?

बाजूच्या फलाटावरून दुसरी जळगाव सुटली. आमच्या बसमधले चपळ लोक आधीच तिच्यात जाऊन बसले होते. मुलगी माझ्या हाताखालून वाकून उठेपर्यंत ती फाटकाबाहेर पडलीसुद्धा. मुलगी पुन्हा खाली बसली आणि तिनं वडिलांना फोन लावला.

“नाही हो आबा, नाही पोहोचत आता. एका माणसाचा हात अडकलाय... हो, हातच... नाही, जाऊन काय उपयोग? उशिरा गेलेल्याला आत घेत नाहीत. घरी येते.”

वही पिशवीत गेली. ती उठली, हाताखालून वाकली, अक्काच्या पिशव्या ओलांडायला लागली. माझ्या बोटांना तिची ओढणी लागून गेली.

“थांब!” मी ओरडलो. “इंटरव्ह्यू सुरू झालेला नाही. होणारच नाही. मीच तो एक्स्पर्ट आहे!”

अक्का आतल्या लोकांकडे वळून म्हणाली, “ऐका व्हो! हाऊ भाऊ इंटरव्ह्यू लेवाले जाई राहिना!”

सगळी गाडी हसली. साहेबांकडून परत आलेला कंडक्टर तर तिकिटाचं मशीन छातीशी धरून हसला. मुलगी हसली नाही. “काका, चेष्टा करू नका,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

मी मुख्याध्यापकांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. “अहो सर, आहात कुठं?” आवाज स्टँडभर गेला. “इंग्रजीचा एक्स्पर्ट आल्याशिवाय मी उमेदवारांना आत कसं घेऊ?”

कुणी हसेना. कंडक्टरनं मशीन खाली केलं. “काढा रे, सरांना काढा,” तो म्हणाला. आवाज एकदम बदललेला.

काढलं अक्कानं. नशिराबादच्या लेकीसाठी ती कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन चालली होती. तिनं वरचं तेल ओंजळीत घेतलं आणि माझ्या दंडाला चोपडलं. सळीनं सोललेल्या कातडीला ते तेल लागलं तेव्हा मी जो आवाज काढला तो कोणत्याच भाषेत बसत नाही. बाहेरून दोघांनी मला उचललं, आतून मुलीनं कोपर दाबलं आणि हात निघाला. लाल, फुगलेला, मोहरीची डाळ चिकटलेला.

जळगावपर्यंत मी पुढं कंडक्टरच्या शेजारी बसलो, ती मागं. पारोळ्याला बस थांबली तेव्हा मागं वळून पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. वही बंदच होती.

शाळेत पोहोचताच मी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं आणि म्हणालो, “त्या मुलीच्या पाठाला मी बसत नाही. बरं दिसत नाही.”

“सर,” ते म्हणाले, “मी गणिताचा, संस्थेकडून आलेले नाना शेतकरी माणूस. तुम्ही बाहेर बसलात तर इंग्रजी कुणाला कळणार? आम्हाला कळत असतं तर तुम्हाला बोलावलं असतं का?”

बसलो. तिची पाळी शेवटी आली. नववीचा वर्ग होता. ती आली, माझ्याकडे एकदाही न बघता फळ्यावर शब्द लिहिला आणि पिशवीतून केळ्यांची एक फणी काढली. वर्ग सावरून बसला; निम्म्या पोरांच्या घरी केळीच होती. फणीला इंग्रजीत हँड म्हणतात, तिनं सांगितलं, आणि एकेका केळ्याला फिंगर. पोरं आपापल्या पंजाकडे बघायला लागली. मग काटा आला, गडी आला, पत्त्यांच्या डावाला तर मागच्या बाकावर फारच ओळखीचं हसू उमटलं. घोडा कुठंच आला नाही. इतकी वर्षं मी इंग्रजी शिकवतोय, तेही केळीच्या मुलखात, पण फणीचं मला ठाऊक नव्हतं. मधे एकदा ती एका क्रियापदात अडखळली, तेवढंच.

गुण द्यायची वेळ आली. मी पेन उचललं तर बोटं मिटेनात. पेन टेबलावरून घरंगळत गेलं.

“तुम्ही सांगा, मी लिहितो,” मुख्याध्यापक म्हणाले.

खोलीचं दार उघडं, बाहेर बाकावर सगळे उमेदवार. हळू बोलावं तर नानांना ऐकू येत नाही. मी सगळ्यांचे गुण मोठ्यानं सांगितले. शेवटी तिचे, वीसपैकी अठरा. बाहेर कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, “बसमध्येच ठरलं होतं म्हणे.” अक्कानं हसवलेल्या गाडीतल्या कुणीतरी फोन करून ही बातमी आमच्याआधी जळगावात पोहोचवली असावी.

निवड तिचीच झाली. नानांनी आणि मुख्याध्यापकांनीही तिलाच वर ठेवलं होतं. फाटकाशी ती माझी वाट बघत उभी होती. आनंदात असेल असं मला वाटलं होतं.

“सर,” ती म्हणाली, “एक विचारू? खरंच चांगला झाला का पाठ? का मी बसमध्ये थांबले म्हणून...”

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की आता मी काहीही म्हटलं तरी ते तिला खरं वाटणार नाही. स्तुती केली तर उपकार फेडतोय, दोष काढला तर पक्षपात झाकतोय. मी ओरडलो नसतो तर ती घरी गेली असती. ओरडलो, म्हणून तिला मिळालेलं तिचं राहिलं नाही. त्या सळ्यांतून निदान तेल लावून सुटता आलं होतं.

“चांगला झाला,” मी म्हणालो. “क्रियापद तेवढं बघून घे.”

तिनं मान हलवली, मोठ्या माणसासमोर हलवतात तशी, आणि आबांना फोन लावत रस्ता ओलांडून गेली.