खोका काढून दिलेली ट्यूब

चारकोपला आमच्या सेक्टरमधला मेडिकलवाला गिऱ्हाइकांना नावानं ओळखत नाही, आजारानं ओळखतो. गेली सहा वर्षं मी त्याची 'संधिवात' आहे. "बोला संधिवात, त्याच गोळ्या ना?" असं तो भर दुकानात विचारतो. विचारताना त्याची नजर चिठ्ठीवर नसते, आपल्या तोंडावर असते. मला ती नजर कधीच आवडली नाही.

यंदा माझ्या दोन्ही गालांवर तपकिरी डाग आले. डॉक्टर म्हणाले, "थोडे गोळ्यांचे, थोडे उन्हाचे. सनस्क्रीन लावा, मनानं दुसरं काही चोळू नका." पण आमच्या बिल्डिंगमधल्या तिघींचे डाग मेडिकलवाल्याच्या क्रीमनं महिन्यात गेले होते. मग मीही गेले.

माझ्यापुढे आमच्याच विंगमधली एक बाई होती. त्यानं काउंटरखालून ट्यूब काढली, खोका आणि आतला माहितीचा कागद फाडून कचऱ्यात टाकला आणि नुसती ट्यूब पुडीत बांधून दिली. "झकास क्रीम आहे. बिनधास्त लावा."

ती गेल्यावर मी म्हटलं, "मलाही दे रे एक."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणला. "तुम्ही नको, ताई. स्टिरॉइड आहे त्यात. आधीच एवढ्या गोळ्या चालू आहेत. तुम्हाला काय झालं तर?"

इतक्या वर्षांत तो मला पहिल्यांदा ताई म्हणाला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पण ते बरं वाटणं आमच्या लिफ्टपर्यंतच टिकलं. तिथे ती बाई पुडी घेऊन उभी होती.

"तुम्ही नाही घेतली?" तिनं विचारलं.

"दिली नाही," मी म्हटलं. "मला ओळखतो ना तो."