दोस्तीचा पंचनामा

बालशिक्षणात माझ्या साडूंनी जी क्रांती केली आहे, तिची दखल पुढेमागे देशाला घ्यावीच लागेल. तूर्त ती मोहर्लीजवळच्या एका अंगणवाडीच्या हजेरीपटाने घेतली आहे. साडू गोष्ट वाचतात त्या बुधवारी मुलं कमी येतात.

वनरक्षक म्हणून उभी नोकरी जंगलात काढून निवृत्त झालेला हा माणूस चार-पाच वर्षांच्या पोरांना दोस्तीची चित्रपुस्तकं वाचून दाखवतो. आवाज मात्र वणव्याची वर्दी देण्याचा. पुस्तकातल्या एकाही प्राण्यावर त्यांचा विश्वास नाही. हत्ती आणि खारीच्या मैत्रीची गोष्ट ते तिसऱ्या पानावर थांबवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि दरडावतात, "खरा हत्ती दिसला त का कराचं?" पोरं एका सुरात ओरडतात, "दूर राहाचं!" अस्वल आणि मुलगी मध वाटून खातात, तिथे त्यांनी मोहफुलं वेचायला एकटं न जाण्याबद्दल इतकं बजावलं की मध राहूनच गेला.

मागच्या हिवाळ्यात मी ब्रह्मपुरीहून त्यांच्याकडे गेलो होतो. त्या बुधवारी पुस्तक निघालं वाघ-शेळीच्या दोस्तीचं. वाघाने शेळीच्या गळ्यात पंजा टाकला आणि चिमी नावाची एक चिमुरडी उठून उभी राहिली.

"खोटं हाये, आबा. आमच्या चांदीले वाघानंच नेलं."

चांदी म्हणजे त्यांची शेळी. चिमी चपला हातात घेऊन घरी गेली, ती दोन दिवस आलीच नाही. "भाऊ, पोरगी तुमच्यामुळं येऊन नाई राह्यली," अंगणवाडीच्या बाईंनी तोंडावर सुनावलं. साडूंना जेवण जाईना. "जन्मात खोटा पंचनामा केला नाई मी," ते मला म्हणाले, "अन् त्या लेकरापुढं खोटं वाचलं."

तिसऱ्या दिवशी वही आणि शाईचा पॅड घेऊन ते तिच्या घरी निघाले. मलाही नेलं, पंच हवा होता. चांदी गेली तेव्हा वनखात्याचा रीतसर पंचनामा झाला होता, पण जबाब बापाचा. चिमीला कुणी काही विचारलंच नव्हतं.

अंगणात मांडी घालून साडूंनी सरकारी आवाज लावला.

"शेळीचा रंग?"

"पांढरी. एक कान काळा."

"मालक कोण?"

"मालक काऊन? मी दोस्त होती तिची."

साडूंनी 'मालक' खोडून वर 'दोस्त' लिहिलं. खाडाखोडीवर सही लागते, तीही केली. चिमीने अंगठा उमटवला, मी पंच म्हणून सही ठोकली. आयुष्यात मी पुष्कळ मानपत्रांवर आणि ठरावांवर सह्या केल्या आहेत. त्यांत इतकं खरं काही नव्हतं. साडू बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"अंगणवाडीत येशीन ना, बाई?" त्यांनी हळूच विचारलं. तो आवाज त्यांच्यापाशी होता, हे मला तेव्हा कळलं.

"येईन. तेच पुस्तक वाचजा. मले शेळी पाहाची हाये. पण वाघ झाकजा."

साडूंनी कबूल केलं. आता चिमी न चुकता येते, अगदी पुढे बसते, आणि साडू वाघावर तळहात ठेवून ती दोस्ती वाचतात. पुस्तक सोळा पानांचं आहे. वाघ तेरा पानांवर आहे.