नखांनी विणलेलं कापड

त्या वेळी मी सोलापुरात एका कापड गिरणीच्या विणकाम खात्यात होतो. गिरणीनं जपानी माग घेतले आणि ते शिकून यायला मला आणि खात्यातल्या एका जोडीदाराला सहा आठवडे तिकडं पाठवलं. सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. आमच्या पेठेतलं तोवर कुणी विमानात बसलं नव्हतं. निघायच्या दिवशी निम्मी पेठ स्टेशनावर आली आणि गाडी हलेपर्यंत फर्माइशी चालू होत्या. बायकोला आणि वहिनीला जपानी नायलॉनची साडी, कुणाला घडीची छत्री, कुणाला नुसतंच "कायतरी तिकडचं".

तिथं गेल्यावर पहिल्याच रविवारी मी साड्या शोधायला निघालो. सात मजल्यांचं एकच दुकान! जिना आपोआप वर जात होता. मी दोनदा पाय उचलून परत मागं घेतला. पण साडी कुठली मिळायला? शेवटी फुलाफुलांच्या नायलॉनचे सहा-सहा वारांचे दोन तुकडे फाडून घेतले. विकणाऱ्या बाईनं ते कागदात असे बांधले, की कोपऱ्याला कोपरा जुळला. कमरेत वाकून दोन्ही हातांनी पुडकं माझ्या हाती दिलं. दुकानात मला इतक्या मानानं कुणी काही दिलं नव्हतं.

परत यायच्या आधीच्या रविवारी कारखान्यातला एक इंजिनियर मला क्योतोला घेऊन गेला. माझ्याच वयाचा, माझ्यासारखंच अडखळत इंग्रजी बोलणारा. माझ्याजवळ थोडे पैसे उरले होते, त्यात ट्रान्झिस्टर घ्यायचं मनात होतं. तो म्हणाला, "आधी विणकरांची गल्ली बघू."

गल्ली अरुंद, घरं लाकडी, आणि आतून मागांचा आवाज. एका छोट्या दुकानात किमोनोवर बांधायचा रुंद पट्टा मांडला होता. त्यावर पाण्यात उभा असलेला बगळा. मला वाटलं, रंगवलेलाच असणार. खिशातलं धागे मोजायचं भिंग काढून बघितलं, तर रंग कुठंच नव्हता. सगळा बगळा, पाण्याच्या रेघांसकट, विणलेला होता.

दुकानातली म्हातारी बाई माझ्याकडं बघत होती. ती काहीतरी बोलली. इंजिनियर हसून म्हणाला, "त्या विचारतात, तुम्ही विणकर आहात का?"

"गिरणीत आहे," मी म्हणालो. "पण वडील घरी हातमागावर बसतात."

हे ऐकल्यावर तिनं मागचा पडदा बाजूला केला आणि आम्हाला आत बोलावलं.

आत तिचा नवरा तसाच बगळ्याचा पट्टा विणत मागावर बसला होता. सत्तरीच्या पुढचा, किडकिडीत. रंगारंगाचे धागे भरलेले छोटे धोटे शेजारी मांडलेले. एक धोटा तो उभ्या धाग्यांतून चार बोटं अंतर आत घाली, धागा ओढी आणि डाव्या हातानं खाली दाबी. तो हात मला आधी नीट दिसला नाही. दिसला तेव्हा मी वाकून जवळून बघितलं. दोन बोटांची नखं त्यानं कानशीनं घासून करवतीसारखी दातेरी केली होती. त्या दात्यांत धागे धरून तो एकेक आडवा धागा जागेवर बसवत होता. नख हीच त्याची फणी.

"दिवसात किती होतं?" मी विचारलं.

इंजिनियरनं विचारलं. म्हाताऱ्यानं अंगठ्याचं एक पेर दाखवलं आणि पुन्हा कामाला लागला.

मी खाली चटईवर बसलो. बगळ्याच्या पंखाचं एक पीस पुरं होईपर्यंत हललो नाही. सकाळी आलो होतो. इंजिनियरनं खांद्याला हात लावला तेव्हा दुपार झाली होती. जन्म मागांच्या खडखडाटात गेला, पण कापडापुढं हात जोडावेत असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. मी जोडलेही. म्हाताऱ्यानं मान लववली.

पट्टा घेणं माझ्या ऐपतीत नव्हतं. बाईनं त्याच विणीचं तळहाताएवढं पाकीट काढलं, त्यावर एकच निळं फूल. ट्रान्झिस्टरचे पैसे त्यात गेले.

घरी आल्यावर नायलॉनवर बायका तुटून पडल्या. वडिलांच्या हातात मी पाकीट दिलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी धोतराला हात पुसले, पाकीट उजेडाला धरलं आणि माझ्या बायकोकडं सुई मागितली. अस्तराची शिवण उसवायला लागले.

"मामंजी, नवं हाय की ते!" बायको ओरडलीच.

"थांब गं." अस्तर निघालं. विणीची मागची बाजू ते किती तरी वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "चष्मा होता का रं त्यांना?"

"नव्हता."

"बोटं दुखत आसतील. कुणी शिकतंय का त्यांच्यापाशी?"

हे मी विचारलंच नव्हतं. तसं सांगितल्यावर ते माझ्यावर जरा रागावले.

आठवडाभर पेठेतले विणकर, शेजारचे तेलुगू मामाही, ते फूल बघायला येत होते. वडील त्यांना माग कसा होता, म्हातारा कसा बसतो, धागा कसा दाबतो, ते आपली बोटं वाकवून दाखवत. बोलताना "आमचा पोरगा सांगत होता" हे शब्द दोन दिवसांतच गळाले. तिसऱ्या दिवशी एकानं विचारलं, "तुमी कवा गेला हुता?" तेव्हा कुठं ते थांबले आणि लाजून हसले.