वायरींना लावलेली चिकटपट्टी

ती घटना आठवली की आजही तोंड कडू होतं. नव्वदच्या दशकात मी सिन्नरकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो.

एका बुधवारी सकाळी एक बागाईतदार फिर्याद घेऊन आला. विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटार चोरीला गेली होती. सोबत धाकटा भाऊ होता. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "आमचा गडीच हाय साहेब. पहाटं सायकलीवर गोणी घेऊन जाताना मी पाह्यला." खबर अशी आयती चालून आली की मला आधी खबर देणाऱ्याचाच संशय येतो. तसा तेव्हाही आला.

पंचनाम्याला विहिरीवर गेलो, तर नटबोल्ट पान्याने नीट खोलून एका डब्याच्या झाकणात ठेवलेले. सुटलेल्या वायरींच्या टोकांना चिकटपट्टी लावलेली. मोटार चोरणारा वायर कापतो आणि पळतो. कुणाला शॉक बसू नये म्हणून तो पट्टी लावत बसेल? शिवाय ती मोटार उचलायलाच दोन माणसं लागतात, एकटा सायकलीवर नेणार कशी? हे सगळं मी पंचनाम्यात लिहिलं आणि कागद फायलीला लावला.

गड्यावर पूर्वी मारामारीची एक केस होती. वरिष्ठांना तेवढं पुरलं. "आरोपी हातात आहे, कोठडी मागा," ते म्हणाले. मी मागितली, आणि सोमवारपर्यंत मिळाली.

चौकशीत गडी एकच सांगायचा. "मी नाय नेली साहेब. रविवारी पोरीची सुपारी फुटायची हाय, मी असं करंन का?" मान खाली घालून बोलायचा, म्हणून मला त्याचाही संशय यायचा. धाकटा भाऊ रोज ठाण्यात येऊन "कबूल झाला का?" विचारायचा, त्याचा तर यायचाच. सगळ्यांवर संशय घेत मी खुर्चीत बसून राहिलो. रविवार तसाच गेला, सुपारी फुटली नाही.

सोमवारी सकाळी मात्र राहवेना. इतकी नीट खोललेली मोटार दुरुस्तीलाच गेली असणार. जीप काढली आणि जळलेल्या मोटारी भरून देणारी रिवाइंडिंगची दुकानं पालथी घातली. तिसऱ्या दुकानात मोटार सापडली. म्हातारा मिस्त्री शांतपणे म्हणाला, "मंगळवारी धाकल्या भावानंच टेम्पोवाल्याला हाताशी घेऊन आणली. पाण्याबिगर चालवून जाळली, थोरल्याला कळू देऊ नका म्हणला. मी खोटं नाय बोलणार."

"गडी आत आहे, हे माहीत होतं?"

"गुरुवारीच कळलं. पण मला कुणी विचारलंच नाय."

माझं डोकं फिरलं. "विचारायची वाट बघत बसलात? तिकडे एक माणूस फुकट कोठडीत बसलाय," एवढं बोललो आणि फायलीला लावलेला माझाच पंचनामा आठवला. मला तर बुधवारीच कळलं होतं.

धाकटा भाऊ दोन प्रश्नांत कबूल झाला. थोरल्याने चोरी झाली म्हणून गाव गोळा केलं, तेव्हा खरं सांगायची त्याची हिंमत झाली नाही. मग त्याने गड्याचं नाव घेतलं.

गडी सुटला तेव्हा मी म्हणालो, "मला पहिल्या दिवसापासून शंका होती रे."

त्याने पहिल्यांदाच मान वर केली. "मंग तवाच का नाय उठले साहेब?"

त्याच दुपारी मी मुलाकडच्यांच्या घरी गेलो. गडी निर्दोष आहे, चूक माझी आहे, हे सगळ्यांसमोर सांगितलं. मुलाच्या वडिलांनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. "तुमचं खरं हाय साहेब," ते म्हणाले. "पण रविवार गेला. आता नाय जमायचं."

मी कधी कुणाचा रुपया खाल्ला नाही, खोटा कागद केला नाही, याचा मला भारी तोरा होता. त्या मुलीला त्याचा काय उपयोग झाला? खरं मिस्त्रीलाही ठाऊक होतं आणि मलाही. दोघंही प्रामाणिक, आणि दोघंही बसून राहिलो. मला त्याची आजही लाज वाटते.

पुढे पंचनाम्यात काही खटकलेलं लिहिलं, की पेन खिशाला लावून तिथूनच जीप काढायला सांगायचो. जेवायची वेळ टळली म्हणून ड्रायव्हर कुरकुरायचा. मी त्याला कारण कधी सांगितलं नाही.